शेकरू, साळिंदर, उंदीर : पुढचे दात सारखे, जबडे निराळे

प्रश्न : आमच्या तालुक्यात भीमाशंकरच्या रानात शेकरू आहे, बटाट्याला आणि भुईमुगाला साळिंदराचा त्रास आहे, आणि धान्याला उंदीर लागतो तो सगळीकडेच. परवा ओढ्याकाठी साळिंदराची कवटी सापडली. मुलाने शाळेत उंदराची कवटी पाहिली होती. तो म्हणाला, पुढचे दात अगदी तसेच, फक्त मोठे. एक झाडावरची फळं खातं, एक कंद उकरतं, एकाला काहीही चालतं. खाणं इतकं वेगळं असताना दात सारखे कसे? आणि मुळात खाण्यामुळे जबडा बदलतो, की जबडा मिळाला तसं खाणं ठरतं?
– एक शेतकरी वाचक, घोडेगाव (जि. पुणे)

उत्तर : मुलाने नीट पाहिलं आहे. कवटी हाताशी आहे तर उत्तर वाचताना ती समोर ठेवा, कारण इथे लिहिलेल्या बऱ्याच गोष्टी हाडावर बोट ठेवून पाहता येतील. (साळिंदराला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, म्हणून पाहून झालं की कवटी वनरक्षकाकडे सोपवा.)

आधी सारखेपणा. उंदीर, घूस, खार, शेकरू, साळिंदर हे सगळे कृंतक, म्हणजे कुरतडणारे प्राणी. जगात त्यांच्या सुमारे अडीच हजार जाती आहेत. सस्तन प्राण्यांच्या दर पाच जातींपैकी साधारण दोन यांच्याच. ससा यांच्यात येत नाही. त्याच्या वरच्या पटाशीच्या दातांमागे आणखी एक छोटी जोडी लपलेली असते. चिचुंद्रीही येत नाही, ती किडे खाणाऱ्या वेगळ्या गटातली आहे. कृंतकांना पटाशीचे दात वर दोन आणि खाली दोन, एवढेच. हे दात मुळाशी कधी बंद होत नाहीत, जन्मभर वाढत राहतात. एनॅमलचा कडक थर फक्त पुढच्या बाजूला असतो, मागे असतं ते मऊ डेंटिन. मऊ बाजू लवकर झिजते, कडक बाजू मागे उरते आणि धार आपोआप लागत जाते. कवटीवरच्या दातांचा पुढचा भाग पिवळा-नारिंगी दिसत असेल, तर तो मळ समजू नका. त्या एनॅमलमध्ये लोह असतं आणि रंग त्याचाच आहे. या दातांच्या मागे सुळे नाहीत, थेट दाढांपर्यंत मोकळी जागा. कुरतडताना प्राणी ओठांच्या कडा या जागेत आत ओढून घेतो, त्यामुळे लाकडाचा भुसा तोंडात जात नाही.

ही रचना सर्व कृंतकांना एकाच पूर्वजाकडून मिळाली आणि ती इतकी उपयोगी ठरली की कोट्यवधी वर्षांत फारशी कुणी सोडली नाही. पुढचे दात सारखे दिसतात ते यामुळे. फरक आहे तो त्यांच्या मागे, दाढांमध्ये आणि स्नायूंमध्ये.

कृंतकांची मूळ अडचण समजली की हे फरक कळायला सोपे जातात. त्यांच्या खालच्या जबड्याला दोन कामं करावी लागतात आणि ती एका वेळी होत नाहीत. कुरतडायचं तर जबडा पुढे सरकतो, पटाशीचे दात एकमेकांना भिडतात, पण तेव्हा दाढा जुळत नाहीत. चावायचं तर जबडा मागे येतो, दाढा जुळतात आणि पटाशीचे दात सुटतात. त्यासाठी कवटीला जिथे खालचा जबडा टेकतो ती खाच पुढेमागे लांबट असते. साळिंदराच्या कवटीवर कानाच्या पुढच्या बाजूला ती सापडेल.

यातलं कुरतडणं अवघड, कारण जोर लावायचा तो जबड्याच्या अगदी टोकाला. अडकित्त्यात सुपारी टोकाशी धरली तर फुटत नाही, बिजागरीजवळ सरकवली की फुटते. दाढा बिजागरीजवळ आहेत, त्यांना जोर सहज मिळतो. पटाशीचे दात टोकाला आहेत आणि ते मागे सरकवता येत नाहीत. मग उपाय एकच उरतो, ओढणारा स्नायू पुढे आणायचा.

स्वतःच्या गालाच्या मागच्या भागावर बोटं ठेवून दात घट्ट दाबा. बोटांखाली जो गोळा कडक होतो तो मॅसेटर स्नायू. कुत्र्या-मांजरांत डोक्याच्या बाजूचा, कानशिलावरचा स्नायू मोठा असतो. कृंतकांत मॅसेटरचं राज्य आहे. जबड्याच्या सगळ्या स्नायूंच्या वजनात साठ टक्क्यांहून अधिक वाटा त्याचाच. सुमारे ५.५ कोटी वर्षांपूर्वी उत्तर अमेरिकेत राहणाऱ्या पॅरॅमिस या आरंभीच्या कृंतकात हा स्नायू फक्त गालाच्या हाडापासून निघत होता आणि जबड्याला बहुतेक सरळ वर ओढत होता. ती जुनी ठेवण जशीच्या तशी सांभाळणारा प्राणी आज एकच उरला आहे, उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याकडचा माउंटन बीव्हर (नावात बीव्हर असला तरी तो बीव्हर नव्हे). बाकीच्यांनी स्नायू पुढे आणला, आणि तो तीन वेगळ्या वाटांनी आणला. या तिन्ही वाटा तुमच्या तालुक्यात एकत्र पाहायला मिळतात, म्हणून तुमचा प्रश्न वाचून फार आनंद झाला.

पहिली वाट शेकरूची आणि खारीची. यांच्यात मॅसेटरचा बाहेरचा पदर गालाच्या हाडावरून पुढे चढत डोळ्याच्या पुढ्यात, थुंतरीच्या बाजूवर गेला. त्याला जागा देण्यासाठी तिथलं हाड रुंद, सपाट झालं.

दुसरी वाट साळिंदराची, आणि मला ती सगळ्यांत विलक्षण वाटते. आपल्या कवटीत डोळ्याच्या खाली एक बारीक भोक असतं, त्यातून चेहऱ्याची नस आणि रक्तवाहिन्या बाहेर येतात. साळिंदरात हे भोक एवढं मोठं झालं आहे की मॅसेटरचा आतला पदर त्यातून आरपार जातो आणि पुढे थुंतरीवर चिकटतो. तुमच्याकडच्या कवटीत डोळ्याच्या खोबणीपुढे पाहा. पेन्सिल सहज आत जाईल. जिवंत साळिंदर चावत असतं तेव्हा त्या बोगद्यातून स्नायू ओढला जात असतो. गिनीपिग आणि दक्षिण अमेरिकेतला कॅपिबारा यांचीही हीच ठेवण.

तिसरी वाट उंदराची. त्याने दोन्ही केलं. बाहेरचा पदर खारीसारखा पुढे चढला आणि आतला पदर साळिंदरासारखा भोकातून गेला. उंदराच्या कवटीत ते भोक वर रुंद आणि खाली चिंचोळं असतं.

या तीन ठेवणी एकोणिसाव्या शतकापासून माहीत आहेत. ब्रांट या प्राणिशास्त्रज्ञाने १८५५ मध्ये त्यांवरून कृंतकांची वर्गवारी केली होती. पण कोणत्या ठेवणीने काय साधतं, हे मोजून पाहायला बराच काळ जावा लागला. फिलिप कॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये खार, गिनीपिग आणि उंदीर यांच्या कवट्यांची संगणकावर प्रतिरूपं तयार केली. पूल आणि यंत्रांच्या भागांवरचा ताण काढायला अभियंते जी गणिती पद्धत वापरतात, तीच त्यांनी इथे लावली. निष्कर्ष असा निघाला : खार कुरतडण्यात तरबेज, गिनीपिग चावण्यात तरबेज, आणि उंदीर दोन्हींत उत्तम. दोन्ही कामं करणारा दोन्हींत थोडा कमी पडेल अशी आपली अपेक्षा असते, पण उंदराने ती खोटी ठरवली. उंदीर-घुशींचा गट जगभर एवढा का पसरला, त्याच्या कारणांमध्ये हे एक मोठं कारण कॉक्स यांनी धरलं आहे. मलाही ते पटतं. धान्य, मूळ, किडा, साबण, शिळा भात, जे मिळेल ते खाता येणं ही आधी जबड्याची गोष्ट आहे आणि नंतर पोटाची.

आता तुमचा खरा प्रश्न. खारीला कवचाची फळं फोडायची म्हणून खारीची ठेवण आली, असं म्हणता येईल का? माझ्या मते असं सरसकट म्हणू नये. खारीची ठेवण बीव्हरमध्येही आहे, आणि बीव्हर झाडाची साल आणि पाला खातो. उडणाऱ्या खारींपैकी कित्येक पानांवर जगतात. साळिंदराची ठेवण मध्य आशियातल्या टणाटण उड्या मारणाऱ्या जर्बोआतही सापडते आणि तो बिया आणि किडे खातो. म्हणजे स्नायूंची ठेवण हा पूर्वजांचा वारसा आहे. तो फार जुन्या काळी ठरला आणि आजचा प्राणी त्या चौकटीत जन्माला येतो. तेवढ्यापुरतं तुमच्या प्रश्नाचं दुसरं टोक खरं, जबडा मिळाला तसं खाणं ठरतं. पण चौकटीच्या आत खाण्याचा हात फार लांबवर पोचतो. एकाच जातीच्या उंदरांत कुणाची दाढ जराशी उंच असते, कुणाचा जबडा जरासा आखूड आणि भक्कम असतो. चांगल्या दिवसांत सगळेच तगतात. ओढीच्या दिवसांत, जेव्हा फक्त राठ गवत किंवा कडक बी उरतं, तेव्हा ज्याला ते नीट चावता येतं त्याची पिल्लं अधिक जगतात आणि ती जबड्याची ठेवण पुढे जाते. लाखो पिढ्या हे चालू राहिलं की जबडा ओळखू येणार नाही इतका बदलतो.

याचा जो पुरावा मला सगळ्यांत मोलाचा वाटतो तो आपल्याच उपखंडातला आहे. पाकिस्तानातल्या पोटवार पठारावर शिवालिक खडकांचे थर एकावर एक रचलेले आहेत. तिथली माती धुऊन, बारीक जाळीतून चाळून संशोधकांनी उंदरांच्या दाढा वेचल्या. एक दाढ दोन-तीन मिलिमीटरची, म्हणजे तिळाएवढी. त्यांतल्या जुन्या थरांत, सुमारे १.४ कोटी वर्षांपूर्वीच्या, अँटेमस नावाचा उंदीर आहे. त्याच्या पूर्वजांच्या वरच्या दाढांवर उंचवट्यांच्या दोन ओळी होत्या. या वंशात जिभेच्या बाजूला तिसरी ओळ उगवू लागली. वरच्या थरांकडे जावं तसे हे उंचवटे एकमेकांना जोडले जाऊन आडव्या कमानी बनतात, आणि त्याबरोबर जबड्याची चावण्याची दिशाही पालटत जाते. आडवं घासण्याऐवजी पुढेमागे घासणं सुरू होतं. पुढे सुमारे १.१ कोटी वर्षांपूर्वी दोन शाखा वेगळ्या दिसू लागतात, कार्निमाटा आणि प्रोगोनोमिस. आजच्या घरातल्या लहान उंदराची वंशरेषा या दुसरीकडून येते. लहान उंदीर आणि मोठा उंदीर एकमेकांपासून केव्हा फुटले, याचं जनुकांवरून गणित मांडताना जगभरचे शास्त्रज्ञ याच शिवालिकच्या दाढांचा आधार घेत आले आहेत.

याच काळात त्या प्रदेशाचं रूप पालटत होतं. रान विरळ झालं आणि वेगळ्या जातीची गवतं पसरली. ज्वारी, बाजरी, मका, ऊस ज्या गटात येतात त्याच गटातली. या वनस्पती हवेतला कार्बन निराळ्या रीतीने पकडतात आणि त्यांच्यात जड कार्बनचं प्रमाण किंचित अधिक असतं. तो कार्बन खाणाऱ्याच्या दातात उतरतो. मोठ्या जनावरांच्या दातांवरून हा बदल आधीच माहीत होता, पण उंदराच्या दाढेतून नमुना काढायचा तर दाढच संपून जायची. युरी किमुरा आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये लेझरने दाढेवरचा अतिसूक्ष्म भाग उडवून हे मोजून दाखवलं. या संशोधनात चंडीगढच्या पंजाब विद्यापीठातले राजीव पटनाईकही होते. त्यांना दिसलं की एकाच जागी, एकाच काळी राहणाऱ्या उंदरांत आकाराने मोठे उंदीर नव्या गवतांकडे अधिक वळले होते आणि त्यांच्या दाढाही गवत दळायला अधिक योग्य झाल्या होत्या. दोन शाखांपैकी एकीच्या दाढा झपाट्याने बदलल्या, दुसरीच्या संथपणे. झपाट्याने बदललेल्या शाखेत नवे बदल नेमके केव्हा आले? तर त्या गवतांचं खाणं वाढलं तेव्हाच. खाणं आणि दाढेचा आकार वेगवेगळे मोजून एकमेकांशी ताडून पाहता आले, ही मोठी गोष्ट आहे. एरवी आकारावरून खाण्याचा अंदाज करायचा आणि त्याच अंदाजाने आकाराचं कारण सांगायचं, असा घोळ होतो.

तुमच्या शेतातली घूस सापडली तर तिच्या दाढा पाहा. उंचवटे जवळजवळ नाहीसे होऊन सरळ आडव्या पट्ट्या झालेल्या दिसतील.

गवताने दातांवर किती ताण येतो ते युरोपातल्या व्होल या छोट्या कृंतकांत आणखी स्पष्ट दिसतं. गवताच्या पात्यात वाळूसारखे सिलिकाचे कण असतात आणि ते दाढ घासून काढतात. व्होलच्या जुन्या मिमोमिस या रूपाच्या दाढांना मुळं होती, म्हणजे त्या एका वयानंतर वाढायच्या थांबत. त्याच्यापासून आलेल्या आजच्या पाणव्होलच्या दाढांना मुळंच नाहीत, त्या पटाशीच्या दातांसारख्या जन्मभर वाढतात. हा बदल थरांमधून इतका सरळ पुढे जातो की प्राचीन मानवाच्या वस्तीचा थर किती जुना आहे, हे त्यातल्या व्होलच्या दाढांवरून ठरवतात.

उलट बाजूने पाहायचं तर आग्नेय आशियातल्या बेटांवर जावं लागेल. इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटाच्या डोंगरांत एक लांब नाकाचा उंदीर सापडला आणि २०१२ मध्ये जेकब एसेलस्टिन आणि सहकाऱ्यांनी त्याचं वर्णन केलं. त्याचं नाव पॉसिडेंटोमिस. त्याला दाढा नाहीतच. वरच्या पटाशीच्या दातांनाही कुरतडायची धार राहिलेली नाही, त्यांना दोन टोकं आहेत. पोटात काय होतं? गांडुळांचे तुकडे. गांडूळ कुरतडावं लागत नाही आणि दळावंही लागत नाही, पकडून तोडलं की झालं. ज्या दातांमुळे कृंतक कृंतक ठरले ते दातच या प्राण्याने बाजूला ठेवले. फिलिपिन्समधल्या लुझोन बेटावर ऱ्हिंकोमिस नावाचे उंदीर आहेत, त्यांचंही खाणं गांडुळांचं. त्यांचे पटाशीचे दात सुईसारखे नाजूक, दाढा जेमतेम दोन-दोन आणि इवल्याशा. या दोघांचं जवळचं नातं नाही. वेगवेगळ्या बेटांवर उंदीर मांसाहाराकडे स्वतंत्रपणे वळले आणि दर वेळी थुंतरी लांब, दात बारीक, दाढा लहान अशीच दिशा धरली गेली. जोशुआ सॅम्युएल्स यांनी २००९ मध्ये अनेक कुळांतल्या कवट्या मोजल्या तेव्हा हाच कल दिसला : मांस आणि किडे खाणाऱ्यांची थुंतरी लांबट आणि दात अरुंद, पाला आणि गवत खाणाऱ्यांचे पटाशीचे दात रुंद, दाढांची ओळ लांब, गालाचं हाड जाड. नातं नसताना तीच दिशा पुन्हा पुन्हा दिसली की खाण्याकडे बोट दाखवायला आधार मिळतो.

मात्र जबड्याची प्रत्येक गोष्ट खाण्यासाठीच असते असं धरू नका. उरुग्वेमध्ये होझेफोआर्टिगेसिया नावाच्या नामशेष कृंतकाची कवटी सापडली, तिची लांबी ५३ सेंटिमीटर. २००८ मध्ये तिचं वर्णन झालं आणि वजनाचा अंदाज सुमारे एक टन निघाला. २०१५ च्या अभ्यासात त्याच्या पुढच्या दातांचा चावा सुमारे १,४०० न्यूटन, म्हणजे वाघाच्या तोडीचा निघाला, आणि पटाशीचे दात तर त्याहूनही कितीतरी अधिक ताण सोसतील असे होते. शोधकांचं म्हणणं, तो हे दात हत्तीच्या सुळ्यांसारखे उकरायला किंवा शत्रूशी लढायला वापरत असावा. तुमच्या साळिंदराचंही असंच काही आहे. ते पाला आणि कंद खातं, तरीही वाळलेली हाडं बिळात ओढून नेऊन कुरतडत बसतं. बिळाच्या तोंडाशी हाडांचा ढीग दिसला तर तिथे वाघ-बिबट्याच असेल असं नाही.

प्रश्न : उंदराचे दात सतत वाढतात म्हणून ते झिजवायला तो वायरी आणि दारं कुरतडतो, असं आम्हाला वर्गात सांगितलं. मग ज्याला रोज मऊ भात मिळतो त्या उंदराचे दात वाढून तोंडाबाहेर येतील का?
– नववीची विद्यार्थिनी, सांगली

उत्तर : नाही येणार. उंदराचे पटाशीचे दात आठवड्याला साधारण दोन-तीन मिलिमीटर वाढतात हे खरं, पण ते झिजवायला त्याला वायर लागत नाही. तो खालचे दात वरच्या दातांवर घासतो. कुरतडत नसतानाही हे चालू असतं. पाळलेला उंदीर शांत बसला असता बारीक करकर ऐकू येते ती याचीच. प्रयोगशाळेत मऊ अन्नावर वाढवलेल्या उंदरांचे दात एरवी ठीकच राहतात. दात वाढून वळतात ते वरचे-खालचे एकमेकांना जुळत नसतील किंवा एखादा तुटला असेल तेव्हा, कारण मग घासायला जोडीदार नसतो. वायर, दार, पाइप तो कुरतडतो ते वाट काढायला, पलीकडे काय आहे ते चाचपायला आणि बिळाला सामान गोळा करायला.

प्रश्न : शहरातले उंदीर आता आपलं शिजवलेलं, मऊ, तळलेलं अन्न खातात. त्यामुळे त्यांचे जबडे बदलत असतील का? हा बदल माणसाच्या एका आयुष्यात दिसेल का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : यात दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. एक बदल त्याच उंदराच्या आयुष्यात होतो, दुसरा पिढ्यांमध्ये.

पहिला नक्की होतो. वॉट आणि विल्यम्स यांनी १९५१ मध्येच उंदरांना कडक आणि मऊ खाण्यावर वाढवून जबड्याच्या हाडांची तुलना केली होती. त्यानंतर असे प्रयोग पुष्कळ झाले. हाड वाढत असताना त्यावर स्नायूंचा जो ताण पडतो त्याप्रमाणे ते भरत जातं. मऊ खाण्यावर वाढलेल्या पिल्लांचे चावण्याचे स्नायू कमी भरतात आणि जबडा बारीक राहतो. २०१४ मध्ये अँडरसन, रेनो आणि रेफील्ड यांनी लहान उंदरांवर हेच करून पाहिलं, तेव्हा जबड्याच्या आकारातल्या फरकाने चाव्याच्या तरफेत प्रत्यक्ष फरक पडतो हेही दिसलं. म्हणजे कडक खाणाऱ्या पिल्लाला कडक चावायला सोयीचा जबडा त्याच आयुष्यात मिळतो. हा बदल मात्र पिल्लांकडे वारशाने जात नाही. त्यांना पुन्हा कडक दाणा द्या, त्यांचे जबडे पुन्हा भक्कम होतील.

रानात हे ओळखणं कठीण जातं, आणि संशोधक इथेच सावध असतात. इंग्लंडमधल्या लिव्हरपूलजवळच्या फॉर्म्बी इथे तांबड्या खारींना लोक अनेक वर्षं भुईमुगाचे दाणे घालत. कॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० मध्ये ब्रिटनच्या वेगवेगळ्या भागांतल्या खारींचे जबडे मोजले, तेव्हा फॉर्म्बीच्या खारींच्या चाव्याची तरफ इतरांपेक्षा कमी निघाली. हेझलनट किंवा पाइनच्या शंकूपेक्षा भुईमुगाचा दाणा फोडायला फारच सोपा, म्हणून हे त्या खाण्यामुळे असावं असं त्यांनी सुचवलं. पण तो बदल आयुष्यातला की वंशातला, हे नुसता जबडा मोजून सांगता येत नाही. एखाद्या बेटासारख्या तुटलेल्या जागेत थोड्याच खारी उरल्या असतील, तर योगायोगानेही त्यांचा जबडा वेगळा होऊ शकतो.

पिढ्यांमधल्या बदलाचा सर्वांत चांगला नमुना न्यूयॉर्कचा. एमिली पकेट आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये त्या शहरातल्या तपकिरी उंदरांच्या सुमारे १२० वर्षांतल्या कवट्या मोजल्या. थुंतरी लांबत गेली होती आणि वरच्या दाढांची ओळ आखूड होत गेली होती. हा बदल एका दिशेने झाला होता, नुसत्या योगायोगाने व्हावा तसा इकडेतिकडे झालेला नव्हता. दाढा लहान होण्याचं कारण म्हणून त्यांनी शहरातलं अधिक सकस, चावायला सोपं अन्न पुढे केलं आहे. थुंतरी लांब होण्यामागे थंडी किंवा वासाचं काही असू शकतं. उंदरांच्या पिढ्या भराभर येतात; मादी काही महिन्यांतच विते, म्हणून १२० वर्षं म्हणजे त्यांच्या शेकडो पिढ्या. तेव्हा तुमच्या प्रश्नाचं उत्तर : एका माणसाच्या आयुष्यात डोळ्यांना दिसेल असं नाही, पण मोजपट्टीला दिसेल.

हे शक्य झालं ते जुन्या कवट्या तारीख-गाव लिहून जपून ठेवल्या होत्या म्हणून. १८९० च्या दशकात कुणी तरी न्यूयॉर्कमध्ये पकडलेल्या साध्या तपकिरी उंदराची कवटी साफ करून चिठ्ठी लावून पेटीत ठेवली, तेव्हा ती कशासाठी लागेल हे त्याला माहीत असणं शक्य नव्हतं. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९११ च्या सुमारास भारतातल्या सस्तन प्राण्यांची मोठी पाहणी हाती घेतली होती. तिच्यात हजारो नमुने गोळा झाले आणि त्यांत उंदीर, घुशी, खारी भरपूर होत्या. ज्याला मुंबई-पुण्याच्या आजच्या घुशींची मापं घ्यायची हौस आहे, त्याने सुरुवात तिथल्या जुन्या पेट्यांपासून करावी.